'पक्ष' हा शब्दच नकोसा झालेल्या देशात उजवा पक्ष कसा उभा राहिला?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवट सोसलेल्या चेक देशात ओडीएससारखा (नागरी लोकशाही पक्ष) उजवीकडचा पक्ष वर्ष-दीड वर्षात उगवला कुठून? २०१३मध्ये पावणेआठ टक्क्यांवर आपटलेला, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिलेला हा पक्ष आठ वर्षांनी पंतप्रधानपद कसा मिळवतो? आणि एम.ए.च्या टिपणात त्याची तुलना आपल्याकडच्या कुठल्या पक्षाशी करावी?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: कुणाशीच करू नका. जुळवाजुळव करायला गेलात तर दोन्हीकडचं चुकेल. तुलना करायचीच तर ओडीएसची नको, तो ज्याच्या पोटातून निघाला त्या 'नागरी मंचा'ची, म्हणजे राजवटीविरुद्ध एकवटलेल्या सर्वपंथी आघाडीची करा, संयुक्त महाराष्ट्र समितीशी. त्याकडे पुढे येते.

मी राज्यशास्त्राची प्राध्यापक नाही, हेही सांगून ठेवते. मूळची मिरजेची, १९९६पासून चेक देशातल्या बर्नो शहरात राहते आणि चेक भाषेची दुभाषी म्हणून पोट भरते. कारखाने, न्यायालयं, महापालिका, अधूनमधून एखादं राजकीय शिष्टमंडळ. दोघांच्या मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला सांगायचं, हा धंदा. त्यामुळे माझं उत्तर शब्दांच्या वाटेनं जाईल. ओडीएसच्या बाबतीत ती वाट वाईट नाही, कारण या पक्षाचा सगळा इतिहास मला एका शब्दावरून झालेल्या भांडणासारखा दिसतो. तो शब्द म्हणजे 'स्त्राना'.

चेक भाषेत 'स्त्राना' म्हणजे बाजू, पुस्तकाचं पान, आणि पक्षसुद्धा. कम्युनिस्ट काळात नुसतं 'स्त्राना' म्हटलं की एकच पक्ष डोळ्यांसमोर यायचा. नावाला आणखी एक-दोन होते, पण ते कम्युनिस्टांच्या हातातल्या 'राष्ट्रीय आघाडी'च्या दावणीला बांधलेले. नोकरीतली बढती स्त्रानामुळे मिळायची, मुलीचा विद्यापीठातला प्रवेश स्त्रानामुळे अडायचा. नोव्हेंबर १९८९मध्ये राजवट कोसळली तेव्हा लोकांना एका पक्षाची नव्हे, पक्ष या वस्तूचीच शिसारी आलेली होती. जून १९९०च्या पहिल्या मोकळ्या निवडणुकीत नागरी मंचाची घोषणाच अशी होती, की पक्ष हे पक्षवाल्यांसाठी असतात, नागरी मंच सर्वांसाठी आहे. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या चेक भागात मंचानं जवळपास निम्मी मतं नेली.

आणि त्यानंतर दहा महिन्यांत त्याच मंचातून एक संघटना बाहेर पडली, जिनं आपल्या नावात तो नकोसा शब्द मुद्दाम घातला: ओब्चान्स्का देमोक्रातित्स्का स्त्राना. नागरी लोकशाही पक्ष. लोकांच्या तोंडी ओडीएस. हा हट्ट समजला तर बरंच काही समजतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. 'उजवा विचार कुठून आला' यात फारसं गूढ नाही. प्रागच्या सरकारी संशोधन संस्थांत बसलेले काही अर्थतज्ज्ञ हायेक आणि फ्रीडमन हे मोकळ्या बाजाराचे पुरस्कर्ते आधीपासून वाचत होते. विचार एका बॅगेत बसतो, मतदार बसत नाही. उजव्या पक्षाला ज्यांच्याकडे काही राखण्यासारखं आहे असे लोक लागतात: शेतकरी, दुकानदार, घरमालक, वकील, डॉक्टर. पोलंडमध्ये कम्युनिस्ट काळातही बहुतेक शेतजमीन खासगी राहिली. हंगेरीत छोटे धंदे चालू होते. चेकोस्लोव्हाकियात (आमच्या शाळेच्या पुस्तकात 'झेकोस्लोव्हाकिया' असायचं) न्हाव्याचं दुकानदेखील सरकारी किंवा सहकारी. म्हणजे या पक्षाला आधी आपला मतदार घडवायचा होता आणि मग त्याच्याकडे मत मागायचं होतं. खरा प्रश्न हा आहे.

मंचाकडे येऊ. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता, आंबेडकरी होते. मुंबईसह महाराष्ट्र एवढी एक मागणी होती तोवर मोट बांधलेली राहिली; १ मे १९६० उजाडला आणि ती सुटायला लागली. नागरी मंचाचंही तसंच. १९६८नंतर पक्षातून हाकललेले सुधारणावादी कम्युनिस्ट, कॅथलिक, नाटककार, बंदी घातलेले गायक-वादक, आणि हे अर्थतज्ज्ञ. राजवट गेली, मागणी पुरी झाली. मग पुढे काय?

इथं दोन व्हात्स्लाव समोरासमोर येतात. व्हात्स्लाव हावेल, नाटककार, तुरुंग भोगलेले, डिसेंबर १९८९पासून राष्ट्राध्यक्ष. त्यांना वाटे, समाज हा नागरिकांच्या संस्था-संघटनांतून चालावा, पक्षांचा पसारा जितका कमी तितका बरा. आणि व्हात्स्लाव क्लाउस, सरकारी बँकेत आणि नंतर विज्ञान अकादमीच्या भविष्यवेध संस्थेत काम केलेले अर्थतज्ज्ञ, क्रांतीनंतरचे अर्थमंत्री. क्लाउस ना कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, ना तुरुंगात गेलेले बंडखोर. देशातले बहुतेक लोक तसेच होते, मधल्या करड्या पट्ट्यातले. क्लाउस यांचं म्हणणं, पक्ष नसेल तर नागरिक जाब कुणाला विचारणार?

मला विचाराल तर क्लाउस यांचं मोठेपण अर्थशास्त्रात नव्हतं, पायपिटीत होतं. प्रागमधले नामवंत लोक चर्चा करत असताना ते जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडत होते. तिथं मंचाचं काम करणारे इंजिनिअर, शिक्षक, कारखान्यातले मधल्या फळीचे लोक राजधानीतल्या बुद्धिवंतांवर वैतागलेले होते: निवडणूक जिंकून दिली आम्ही, निर्णय घेतात हे. १३ ऑक्टोबर १९९०ला मंचाच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं आणि या जिल्ह्यांतल्या लोकांनी क्लाउस यांना निवडून दिलं. फेब्रुवारी १९९१मध्ये मंच फुटला, आणि एप्रिलमध्ये ओलोमोउत्स शहरात ओडीएसची स्थापना परिषद झाली.

वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. मोठी नावं 'नागरी चळवळ' नावाच्या दुसऱ्या तुकड्यात गेली: परराष्ट्रमंत्री यिर्झी दीन्स्तबियर, चेक भागाचे पंतप्रधान पेत्र पित्हार्त. ओडीएसच्या वाट्याला आल्या जिल्ह्यांच्या शाखा. जून १९९२च्या निवडणुकीत ओडीएस आणि तिच्यासोबतचा छोटा ख्रिस्ती-लोकशाही पक्ष यांनी चेक विधिमंडळात जवळपास ३० टक्के मतं आणि २००पैकी ७६ जागा मिळवल्या. मोठ्या नावांची 'चळवळ' पाच टक्क्यांचा उंबरठासुद्धा ओलांडू शकली नाही. टिपणात एकच आकडेवारी द्यायची असेल तर ही द्या.

देशाच्या फाळणीवर फार वेळ घालवत नाही. स्लोव्हाकियात व्लादिमिर मेचियार जिंकले, चेक भागात क्लाउस. दोघांना वेगवेगळी अर्थव्यवस्था हवी होती. आमच्या बर्नोतल्या तुगेंधात बंगल्यात, जो आज लोक वास्तुकलेसाठी पाहायला येतात, उन्हाळ्यात वाटाघाटी झाल्या आणि १ जानेवारी १९९३ला दोन देश झाले. सार्वमत घेतलंच नाही. उजव्या पक्षाला याचा फायदा असा, की उरलेल्या छोट्या देशात त्याचं पारडं आपोआप जड झालं.

मतदार घडवण्याची गोष्ट अधिक रंजक आहे. छोटी दुकानं लिलावात विकली गेली, जप्त केलेल्या इमारती आणि जमिनी मूळ कुटुंबांना परत मिळाल्या. पण गाजली ती कूपन योजना. प्रत्येक प्रौढ नागरिकानं ३५ क्राऊनची (क्राऊन हे इथलं चलन) पुस्तिका आणि १००० क्राऊनचं तिकीट घ्यायचं, म्हणजे सरासरी मासिक पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आणि त्यावर मिळालेल्या १००० गुणांतून सरकारी कंपन्यांचे शेअर मागायचे. १९९२च्या पहिल्या फेरीत, देश अजून एकत्र असताना, सुमारे ८५ लाख लोकांनी भाग घेतला. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. मग व्हिक्तोर कोझेनी नावाचा एक तरुण आला, त्यानं आपल्या गुंतवणूक फंडांना 'हार्वर्ड' असं नाव दिलं (त्या विद्यापीठाशी काडीचाही संबंध नव्हता) आणि टीव्हीवरून जाहिरात केली: गुण आमच्याकडे द्या, वर्ष आणि एक दिवसानं दहापट घेऊन जा. रांगा लागल्या. लोकांच्या गुणांपैकी सुमारे ७० टक्के गुण अशा फंडांकडे गेले. कोझेनी पुढे बहामात जाऊन राहिला. त्याच्या आडनावाचा चेकमध्ये अर्थ होतो 'चामड्याचा'.

मी बर्नोत आले तेव्हा ज्यांच्याकडे भाड्यानं राहिले त्या आजी कापड गिरणीतून निवृत्त झालेल्या होत्या. बर्नोला एके काळी मोराव्हियाचं, म्हणजे देशाच्या पूर्वेकडच्या भागाचं, मँचेस्टर म्हणत. आमच्या भागात इचलकरंजीला तसंच म्हणतात, म्हणून आमचं पहिल्या दिवशीच जमलं. आजींनी आपले गुण फंडात घातले होते. मी त्यांना ओळखत होते तोवर त्या शेअरची किंमत एका चांगल्या जेवणाएवढी राहिली होती. तरी त्या मरेपर्यंत ओडीएसला मत देत राहिल्या. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, 'पैसे गेले, पण आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विकत घ्यायला सांगितलं.' अर्थतज्ज्ञ या योजनेला अपयशी ठरवतात तेव्हा ते कंपन्यांबद्दल बोलत असतात. कंपन्यांच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. पण मतदार घडवण्याच्या बाबतीत ती योजना चालली.

क्लाउस यांचा एक शब्दप्रयोग मला फार आवडतो: 'विशेषणांशिवाय बाजार'. सामाजिक बाजार, नियंत्रित बाजार, असलं काही नको, नुसता बाजार. तिसरा मार्ग हा तिसऱ्या जगाकडे जाण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे, असंही ते म्हणत. तिसऱ्या जगातून आलेली मी ते ऐकून जरा चपापायचे. गंमत अशी, की प्रत्यक्षात त्यांच्या सरकारनं घरभाड्यांवर नियंत्रण ठेवलं, मोठ्या बँकांत सरकारचा वाटा ठेवला आणि त्याच बँकांचे फंड खासगी झालेल्या कंपन्यांचे मालक होऊन बसले. बेकारी १९९६पर्यंत पाच टक्क्यांच्या आत राहिली. म्हणजे भाषण उजवं आणि कारभार बराचसा सबुरीचा. 'ओडीएस कितपत उजवा?' याचं उत्तर म्हणूनच तुम्ही भाषणं वाचता की अंदाजपत्रकं, यावर अवलंबून आहे. कोणत्या वर्षी वाचता यावरही. युरोपीय संघावर सतत टीका करणारा हा पक्ष. पण संघाच्या सदस्यत्वाचा अर्ज जानेवारी १९९६मध्ये क्लाउस सरकारनंच दिला. आणि धर्माचं म्हणाल तर हा देश युरोपातल्या सर्वांत कमी धार्मिक देशांपैकी एक. पोलंडमधल्या उजव्यांसारखा चर्चचा आधार इथं नव्हता, त्यामुळे पैसा, मालमत्ता आणि कर हेच मुद्दे.

विशेषणं काढताना कायदेही राहून गेले, ही या पक्षाची खरी चूक. नवे मालक आधी आले, त्यांना आवरणारी व्यवस्था नंतर. कंपनीतला माल, पैसा, यंत्रं आतून पोखरून दुसऱ्या आपल्याच कंपनीत न्यायची आणि बाहेर नुसतं कवच ठेवायचं, याला चेक लोकांनी शब्द दिला 'तुनेलोव्हानी', म्हणजे बोगदा खणणं. पुढे तो जगभरच्या अर्थशास्त्रात गेला. अशा एका खटल्यात मी दुभाषी होते. चार दिवस मी 'बोगदा' हा शब्द इंग्रजीत सांगत होते आणि परदेशी गुंतवणूकदाराचे वकील नकाशावर बोगदा शोधत होते.

मग १९९७ आलं. मे महिन्यात चलन घसरलं आणि क्राऊनचा बांधलेला दर सोडून द्यावा लागला. खर्चकपातीची 'गाठोडी' आली. जुलैत मोराव्हियात महापूर. पण पक्षाला बुडवलं ते देणगीनं. हिशोबात दोन परदेशी देणगीदार दाखवले होते. त्यातला एक हंगेरियन गृहस्थ देणगीच्या तारखेच्या कितीतरी आधी वारलेला निघाला. दुसरा मॉरिशसचा, नाव अगदी आपल्या वळणाचं, आणि त्याला या पैशाचा पत्ताच नव्हता. दोघांच्या नावावर मिळून ७५ लाख क्राऊन. खरा देणारा निघाला एक माजी टेनिसपटू उद्योजक, ज्याला एका पोलाद कारखान्याच्या खासगीकरणात रस होता. त्या दिवसांत मी कामावर गेले की लोक विचारायचे, 'तुमच्याकडचाच ना तो?' मॉरिशस भारतात नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल!

नोव्हेंबरच्या अखेरीस क्लाउस सारायेव्होत परिषदेला गेलेले असताना यान रुम्ल आणि इव्हान पिलिप या पक्षातल्याच दोन वजनदार सहकाऱ्यांनी त्यांचा राजीनामा मागितला. सरकार पडलं. वृत्तपत्रांनी त्याला 'सारायेव्होची हत्या' म्हटलं. पहिलं महायुद्ध पेटवणाऱ्या १९१४च्या सारायेव्होतल्या त्या गोळीची आठवण इथं कुणाला करून द्यावी लागत नाही. बंडखोरांनी 'स्वातंत्र्य संघ' काढला. आणि पुन्हा तेच घडलं: नामवंत तिकडे, शाखा इकडे. जून १९९८मध्ये ओडीएसला २७.७ टक्के मतं, दुसरा क्रमांक. स्वातंत्र्य संघ काही वर्षांत विरून गेला.

इथवरचं दोन वाक्यांत: ओडीएस दोनदा फुटीतून वाचला, कारण दोन्ही वेळा त्याच्याकडे माणसांपेक्षा शाखा होत्या. आणि दोनदा अडकला, पोखरलेल्या कंपन्यांत आणि देणगीच्या हिशोबात, कारण आपण घडवलेल्या नव्या पैशाला दार कुठे लावायचं हे त्याला ठरवता आलं नाही.

१९९८नंतरचा अध्याय मला सर्वांत अप्रिय आहे. निवडणुकीत क्लाउस यांनी डाव्यांविरुद्ध 'मोबिलायझेशन' पुकारलं होतं, आणि निकालानंतर त्यांनी त्याच डाव्या सोशल डेमोक्रॅट मिलोश झेमान यांच्याशी करार केला. कराराचं अधिकृत नाव 'स्थिर राजकीय वातावरण निर्माण करण्याचा करार', लोक म्हणत 'विरोधी पक्षाचा करार'. सरकार झेमान यांचं, ते पाडायचं नाही, आणि बदल्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांची अध्यक्षपदं ओडीएसकडे. वर दोघांनी मिळून मोठ्या पक्षांच्या सोयीची निवडणूकपद्धत आणायला घेतली. ती २००१मध्ये घटनात्मक न्यायालयानं हाणून पाडली. 'पक्षाशिवाय लोकशाही नाही' इथपासून 'दोन पक्ष म्हणजेच लोकशाही' इथपर्यंतचा प्रवास आठ वर्षांत झाला. क्रांतीच्या दहाव्या वर्षी चौकाचौकांत एक आवाहन फिरत होतं: 'धन्यवाद, आता निघा!' मूळ चेकमध्येही ते इतकंच नम्र आणि इतकंच जिव्हारी लागणारं आहे.

क्लाउस २००२मध्ये पक्षाध्यक्षपदावरून गेले आणि फेब्रुवारी २००३मध्ये हावेल यांच्याच जागी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पक्ष मिरेक तोपोलानेक यांच्याकडे आला. २००६मध्ये ३५.४ टक्के, ८१ जागा, आजवरची सर्वांत मोठी मजल. पण सभागृहात दोन्ही बाजू शंभर-शंभर. सात महिने घोळ चालला, आणि सोशल डेमोक्रॅटांच्या दोन खासदारांच्या कृपेनं सरकार तरलं. १५ टक्के सपाट आयकर आणला, तो पचला. डॉक्टरकडे गेलं की ३० क्राऊन फी आणली, ती पचली नाही. रक्कम पबमधल्या एका बिअरइतकी, पण दवाखान्यात पैसे मोजणं या लोकांना अपमानासारखं वाटलं. २००८च्या प्रादेशिक निवडणुकीत सगळे तेरा प्रांत गेले. चार वर्षांपूर्वी त्यातले बारा ओडीएसनं जिंकले होते. मार्च २००९मध्ये, देशाकडे युरोपीय संघाचं अध्यक्षपद असताना, अविश्वासाच्या ठरावावर पक्षातल्याच दोघांनी सरकारच्या विरोधात मत दिलं आणि सरकार कोसळलं. नंतरच्या पत्रकार परिषदांत परदेशी पत्रकार पुन्हा पुन्हा एकच विचारत होते: अध्यक्षपदाच्या मधोमध? आपल्याच माणसांनी? हो, आपल्याच माणसांनी.

आता दुसऱ्या प्रश्नाचा गाभा. ज्या शाखांनी पक्ष तारला त्या शाखाच याच काळात बाजारात आल्या. ओडीएसमध्ये उमेदवार ठरतात शाखांच्या मतदानातून. मग कुणीतरी डझनावारी माणसं सभासद करायची, त्यांची वर्गणी भरायची, मतदानाच्या दिवशी त्यांना आणून बसवायचं. चेकमध्ये अशा सभासदांना म्हणतात 'व्हेल मासे', आणि त्यांना गोळा करणाऱ्याला 'व्हेलचा शिकारी'. तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर समजवायला नको. सहकारी संस्थेच्या निवडणुकीआधी वाढणारे सभासद आठवा. पडद्याआडून हे चालवणाऱ्यांना 'क्मोत्र' म्हणत, म्हणजे मुळात बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला धरणारा धर्मपिता. शहरांची कंत्राटं कुणाला, हे तो ठरवायचा. २०१०मध्ये पेत्र नेचास स्वच्छ प्रतिमेवर आले, मतं २० टक्क्यांवर उतरली तरी आघाडीला २००पैकी ११८ जागा मिळाल्या. जून २०१३मध्ये एका रात्री पोलीस सरकारच्या कार्यालयात शिरले. पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या प्रमुख बाईंना अटक झाली. पंतप्रधानांच्या तेव्हाच्या पत्नीवर लष्करी गुप्तचरांकरवी पाळत ठेवल्याचा आरोप होता. सरकार गेलं. ऑक्टोबरमध्ये ७.७ टक्के, १६ जागा. त्याच निवडणुकीत अब्जाधीश आंद्रेय बाबिश यांचा 'आनो' १८.७ टक्के घेऊन आला. 'आनो' म्हणजे 'हो'. आणि तो स्वतःला काय म्हणवतो? स्त्राना नाही. 'चळवळ'.

या टप्प्यावर शेजारचे पक्ष मेले. हंगेरीचा लोकशाही मंच १९९०मध्ये सरकार बनवणारा, २०१०मध्ये संसदेबाहेर. पोलंडची सॉलिडॅरिटी निवडणूक आघाडी १९९७मध्ये जिंकली, २००१मध्ये एकही जागा नाही. स्लोव्हाकियात मिकुलाश झुरिंदा यांचा पक्ष दोनदा सरकार चालवून २०१६मध्ये एक टक्काही मिळवू शकला नाही. ओडीएस का टिकला?

माझं उत्तर: नगरपालिका आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह. उत्तरेतल्या तेप्लित्से शहरात यारोस्लाव कुबेरा १९९४पासून २०१८पर्यंत ओडीएसचे महापौर होते. (आडनाव ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. माणूस मात्र धनापेक्षा सिगारेटी आणि विनोद यांसाठी प्रसिद्ध.) प्रागमध्ये पक्ष जळत असताना तिथं रस्ते, शाळा, अंघोळीचे झरे यांचं काम चालू होतं, आणि लोक माणसाला मत देत होते. सिनेटच्या जागा एकेका मतदारसंघातून दोन फेऱ्यांत निवडल्या जातात. तिथं ओळखीचा महापौर चालतो. कुबेरा पुढे सिनेटचे अध्यक्ष झाले. 'व्हेल'वाले पक्ष बुडताच दुसरीकडे पोहत गेले. जे उरले त्यांना जायला जागा नव्हती किंवा जायचंच नव्हतं. अर्थात सगळ्या शाखा तेप्लित्सेसारख्या नव्हत्या, आणि बाबिश यांच्या विरोधात उभं राहायला कुणीतरी हवंच होतं, ही परिस्थितीही पक्षाच्या पथ्यावर पडली. त्यात किती श्रेय कुणाला, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

जानेवारी २०१४मध्ये त्यांनी अध्यक्ष निवडला पेत्र फियाला यांना: राज्यशास्त्राचे प्राध्यापक, आमच्या मासारिक विद्यापीठाचे माजी कुलगुरू. ते पक्षाचे सभासद झाले तेच मुळी २०१३च्या पराभवानंतर. बर्नोत त्यांना ऐकलेल्या सगळ्यांचं एकमत होतं, की हा माणूस निवडणूक जिंकणार नाही, झोप आणेल. दुभाषी म्हणून मला मात्र ते सोपे जात. वाक्य सुरू केलं की पूर्ण करतात. २०१७मध्ये ११.३ टक्के. मग त्यांनी ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि टॉप ०९ हा दुसरा उजवीकडचा पक्ष यांना घेऊन 'स्पोलु', म्हणजे 'एकत्र', ही आघाडी केली. ऑक्टोबर २०२१मध्ये तिला २७.८ टक्के मतं, बाबिश यांना २७.१. जागा मात्र त्यांच्या ७२, हिच्या ७१. सरकार जमलं ते दुसऱ्या एका आघाडीच्या ३७ जागांमुळे, आणि सोशल डेमोक्रॅट व कम्युनिस्ट हे दोघंही पाच टक्क्यांखाली गेल्यामुळे. म्हणजे पुनरागमन हा शब्द टिपणात जपून वापरा. ७१पैकी ओडीएसच्या जागा ३४ होत्या.

फियाला सरकारच्या वाट्याला युक्रेनचं युद्ध आणि २०२२ची १५.१ टक्के महागाई आली. मे २०२५मध्ये न्यायमंत्र्यांना जावं लागलं, कारण मंत्रालयानं एका शिक्षा झालेल्या गुन्हेगाराकडून सुमारे १ अब्ज क्राऊनच्या बिटकॉइनची देणगी घेतली होती. बातमी ऐकली तेव्हा मी ट्राममध्ये होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर घडी घातला आणि म्हणाले, 'या वेळी देणारा जिवंत तरी आहे.' ऑक्टोबर २०२५मध्ये स्पोलुला २३.४ टक्के मिळाले, बाबिश यांना ३४.५, आणि सत्ता पुन्हा 'चळवळी'कडे गेली.

टिपणासाठी एक कामाची गोष्ट. चेक सांख्यिकी कार्यालय निवडणुकीचे निकाल गावनिहाय प्रसिद्ध करतं आणि आकडे वाचायला भाषा लागत नाही. ऑक्टोबर २०१३ची संसदेची आणि ऑक्टोबर २०१४ची नगरपालिकेची आकडेवारी तेप्लित्सेसाठी शेजारी-शेजारी मांडा. मग तसंच एखाद्या अशा शहरासाठी करा जिथं 'क्मोत्र' गाजले होते. कोष्टकातला कुठला चेक शब्द अडला तर विचारा.